कमिन्स ६बीटी ५.९ (पिकअप ट्रकचे इंजिन)

कमिन्स ६बीटी ५.९ हे अमेरिकेतील कमिन्स कंपनीच्या बी मालिकेतील सहा सिलिंडरांचे, टर्बोचार्जर असलेले डिझेल इंजिन आहे. क्रायस्लर कंपनीने १९८९ च्या मॉडेलपासून ते आपल्या डॉज रॅम पिकअप ट्रकमध्ये बसवले. १९९८ च्या मध्यापर्यंत या ट्रकमध्ये बारा व्हॉल्व्हची, पूर्णपणे यांत्रिक नियंत्रणाची आवृत्ती वापरली जात असे. त्यानंतर २००७ पर्यंत याच आकारमानाच्या चोवीस व्हॉल्व्हच्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या आवृत्त्या वापरल्या गेल्या.

दीर्घायुष्य, कमी फेऱ्यांवर मिळणारा मोठा टॉर्क आणि सोपी दुरुस्ती या गुणांसाठी हे इंजिन ट्रकमालकांमध्ये प्रसिद्ध आहे. मात्र मालकांची मते एकसारखी नाहीत. इंजिनाच्या मूळ गाभ्याविषयी जवळपास एकमत आढळते. पण त्याला जोडलेले पंप, गिअरबॉक्स आणि ट्रकचे इतर भाग यांविषयी तक्रारी बऱ्याच आहेत. यांत्रिक आवृत्ती चांगली की इलेक्ट्रॉनिक, या प्रश्नावरही मालकांमध्ये स्पष्ट मतभेद आहेत.

== नाव ==

‘६बीटी’ या नावातील ‘६’ हा अंक सिलिंडरांची संख्या, ‘बी’ हे अक्षर मालिका आणि ‘टी’ हे अक्षर टर्बोचार्जर दर्शवते. ‘५.९’ हे लिटरमधील आकारमान आहे. याच मालिकेतील चार सिलिंडरांच्या ३.९ लिटर इंजिनाला ‘४बीटी’ म्हणतात. १९९८ नंतरची चोवीस व्हॉल्व्हची आवृत्ती ‘आयएसबी’ या नावाने ओळखली जाते. मालकांच्या बोलण्यात मात्र ‘बारा व्हॉल्व्ह’ आणि ‘चोवीस व्हॉल्व्ह’ ही नावेच अधिक रूढ आहेत.

== पार्श्वभूमी ==

बी मालिका पिकअप ट्रकसाठी आखलेली नव्हती. कमिन्स आणि शेतीची व बांधकामाची यंत्रे बनवणारी जे. आय. केस या कंपन्यांनी संयुक्तपणे ती विकसित केली. तिचे उत्पादन १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात सुरू झाले. ट्रॅक्टर, उत्खनन यंत्रे, जनित्रे, नौका आणि मध्यम आकाराची मालवाहू वाहने अशा कामांसाठी ही इंजिने वापरली जात. अशा यंत्रांमध्ये इंजिनाला तासन्‌तास जवळपास पूर्ण भाराखाली चालावे लागते. त्यामुळे ब्लॉक, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्या मजबुतीत बरीच राखीव ताकद ठेवलेली होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉजच्या पिकअप ट्रकची मूळ बांधणी १९७२ ची होती आणि विक्रीत तो फोर्ड व शेव्हरोलेच्या खूप मागे होता. त्या वेळी स्पर्धकांची डिझेल इंजिने व्ही आकाराची, आठ सिलिंडरांची, अप्रत्यक्ष इंधन फवारणीची आणि टर्बोचार्जर नसलेली होती. त्यांच्यासमोर डॉजने थेट फवारणीचे व टर्बोचार्जर असलेले सरळ सहा सिलिंडरांचे इंजिन आणले. पिकअपमध्ये मध्यम आकाराच्या मालवाहू ट्रकचे इंजिन मिळणे ही त्या काळातील ग्राहकांसाठी नवी गोष्ट होती.

== रचना ==

इंजिनाचे आकारमान ५,८८३ घन सेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर आणि पिस्टनचा स्ट्रोक १२० मिलिमीटर आहे. स्ट्रोक व्यासापेक्षा मोठा असल्याने इंजिन कमी फेऱ्यांवर जोर धरते. ब्लॉक आणि सिलिंडर हेड बिडाचे आहेत. क्रँकशाफ्टला सात मेन बेअरिंगांचा आधार आहे. कॅमशाफ्ट आणि इंजेक्शन पंप गिअरने फिरतात. टायमिंग बेल्ट किंवा साखळी नसल्याने ती तुटण्याचा प्रश्न येत नाही. इंजिनाचे वजन सुमारे ५०० किलो आहे.

थंडीत सुरू होण्यासाठी या इंजिनात ग्लो प्लग नसतात. त्याऐवजी सिलिंडरांकडे जाणारी हवा तापवणारी विजेची जाळी बसवलेली असते. बारा व्हॉल्व्हच्या आवृत्तीत इंधनाचे प्रमाण आणि वेळ पूर्णपणे यांत्रिक पद्धतीने ठरते. इंधनपुरवठा तोडणारा झटका-स्विच आणि हवा तापवणारी जाळी वगळता इंजिन चालू राहण्यासाठी विजेची जवळपास गरज नसते.

== डॉज रॅममधील आवृत्त्या ==

{| 
! मॉडेल वर्षे !! व्हॉल्व्ह !! इंजेक्शन पंप !! कमाल शक्ती !! कमाल टॉर्क
|-
| १९८९–१९९३ || १२ || बॉश व्हीई (रोटरी) || १६० अश्वशक्ती (११९ किलोवॉट) || ५४२ न्यूटन-मीटर
|-
| १९९४–१९९८ || १२ || बॉश पी७१०० (इनलाइन) || १६० ते २१५ अश्वशक्ती (११९ ते १६० किलोवॉट) || ५४२ ते ५९७ न्यूटन-मीटर
|-
| १९९८ (मध्य)–२००२ || २४ || बॉश व्हीपी४४ (इलेक्ट्रॉनिक रोटरी) || २१५ ते २४५ अश्वशक्ती (१६० ते १८३ किलोवॉट) || ५६९ ते ६८५ न्यूटन-मीटर
|-
| २००३–२००७ || २४ || बॉश कॉमन रेल || कमाल ३२५ अश्वशक्ती (२४२ किलोवॉट) || कमाल ८२७ न्यूटन-मीटर
|}

१९९१ च्या मॉडेल वर्षाच्या मध्यापासून टर्बोचार्जरनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर बसवण्यात आला. १९९४ ते १९९८ या काळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या ट्रकमध्ये इंजिनाची शक्ती मुद्दाम कमी ठेवली जाई. उदाहरणार्थ, १९९६ पासून हाताने गिअर बदलण्याच्या ट्रकला २१५ अश्वशक्ती मिळे, तर ऑटोमॅटिक ट्रकला १८०. इंजिन जो जोर देऊ शकत होते तो गिअरबॉक्सला पेलवत नव्हता, हे त्याचे कारण होते. मालकांच्या अनेक तक्रारींचे मूळ याच विसंगतीत आहे.

== कामगिरीविषयी मते ==

=== ओढण्याची ताकद ===

मालकांची सर्वाधिक पसंती मिळाली ती जड ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेला. सुरुवातीच्या आवृत्तीचा कमाल टॉर्क मिनिटाला सुमारे १,७०० फेऱ्यांवर मिळतो. त्यामुळे जनावरांचा ट्रेलर, गवताच्या गठ्ठ्यांनी भरलेली गाडी किंवा फिरते घर जोडून चढ चढताना गिअर वारंवार उतरवावा लागत नाही. शेतकरी, पशुपालक आणि ट्रेलर-वाहतूक करणारे छोटे व्यावसायिक यांच्यासाठी हा गुण निर्णायक ठरला. आकडेवारीत अश्वशक्ती कमी दिसली तरी भाराखाली इंजिन दमत नाही, असे मत ते वारंवार नोंदवतात.

रिकाम्या ट्रकविषयीचे मत वेगळे आहे. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा कमी असल्याने जुने ट्रक वेग घेण्यास संथ आहेत. १९८९–१९९३ मधील ट्रक आजच्या महामार्गावरील रहदारीत मागे पडतात, ही तक्रार सर्रास आढळते. आवाज हाही वादाचा विषय आहे. थेट फवारणीमुळे होणारा खडखडाट काहींना त्रासदायक वाटतो. इतरांना तीच या इंजिनाची ओळख वाटते.

=== इंधनखर्च ===

महामार्गावर, भार नसताना आणि स्थिर वेगाने लिटरला सुमारे ८ ते ९ किलोमीटर, तर जड ट्रेलरसह ४ ते ५ किलोमीटर असे मायलेज मालक साधारणपणे सांगतात. एवढ्याच वजनाच्या, आठ सिलिंडरांच्या पेट्रोल ट्रकच्या तुलनेत हे लक्षणीय चांगले आहे. यांत्रिक पंपाच्या ट्रकचे मायलेज नंतरच्या कडक उत्सर्जन नियमांखालील ट्रकपेक्षा चांगले असल्याचे अनेक मालक सांगतात. मात्र टायरचा आकार, मागच्या आसाचे गुणोत्तर आणि वेग यांनुसार या आकड्यांत मोठा फरक पडतो.

== विश्वासार्हतेविषयी मते ==

=== इंजिनाचा गाभा ===

क्रँकशाफ्ट, पिस्टन, बेअरिंग आणि सिलिंडर यांच्या टिकाऊपणाविषयी मालकांमध्ये फारसे दुमत नाही. सिलिंडर हेड न उघडता ५ लाख किलोमीटरांहून अधिक चाललेल्या ट्रकची उदाहरणे सामान्य मानली जातात. जुन्या ट्रकच्या बाजारात तेवढ्या किलोमीटरांचा आकडा पाहून ग्राहक मागे फिरत नाही. तो आधी डिझेल पंप, गिअरबॉक्स आणि गंज यांची चौकशी करतो. पत्रा कुजून गेल्यावर इंजिन काढून दुसऱ्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये किंवा अन्य कंपनीच्या जुन्या गाडीत बसवण्याची प्रथाही यामुळेच रुजली.

=== डॉवेल पिनचा दोष ===

बारा व्हॉल्व्हच्या इंजिनाचा सर्वांत कुप्रसिद्ध दोष एका लहानशा पोलादी खुंटीशी निगडित आहे. इंजिनाच्या पुढील बाजूस टायमिंग गिअरचे आवरण ब्लॉकवर नेमक्या जागी बसावे म्हणून कारखान्यात डॉवेल पिन बसवली जाते. वर्षानुवर्षांच्या कंपनांमुळे ती हळूहळू बाहेर सरकते. ती सुटली तर कधी नुसती तेलाच्या पात्रात जाऊन पडते आणि कोणताही अपाय होत नाही. पण कधी ती फिरत्या गिअरमध्ये अडकते. तसे झाल्यास आवरण फुटते, गिअरचे दात तुटतात आणि टायमिंग बिघडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. त्यामुळे मालकांनी तिला ‘किलर डॉवेल पिन’ असे नाव दिले आहे.

यावरील उपाय सोपा आहे. शेजारच्या बोल्टखाली धातूची एक लहान पट्टी अशा रीतीने बसवली जाते की पिनला बाहेर येण्यास वाट राहत नाही. पट्टीची किंमत नगण्य असते. खर्च होतो तो पुढील भाग खोलण्याच्या मजुरीचा. त्यामुळे जुना ट्रक घेताना ‘पिनचे काम झाले आहे का’ हा प्रश्न नेहमीचा झाला आहे. सुरुवातीच्या काही चोवीस व्हॉल्व्हच्या इंजिनांतही हा दोष आढळतो.

=== व्हीपी४४ आणि फीड पंप ===

मालकांच्या मतांत सर्वांत मोठी फूट पडली ती १९९८ च्या मध्यात. कडक होत चाललेल्या उत्सर्जन नियमांमुळे पी७१०० हा यांत्रिक पंप मागे पडला आणि व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक पंप आला. इंजिन अधिक शांत झाले, धूर कमी झाला आणि शक्ती वाढली. पण पंपाच्या बिघाडाच्या तक्रारीही वाढल्या.

या बिघाडाचे कारण दोन्ही पंपांच्या कार्यपद्धतीतील फरकात आहे. पी७१०० पंपाच्या कॅमला इंजिनाचे तेल वंगण म्हणून मिळते. व्हीपी४४ मात्र वंगणासाठी आणि थंडाव्यासाठी त्यातून वाहणाऱ्या डिझेलवरच अवलंबून असतो. त्याला डिझेल पुरवणारा विजेवर चालणारा फीड पंप इंजिनाच्या ब्लॉकवर, कंपन आणि उष्णतेच्या जागी बसवलेला होता आणि तो कमकुवत ठरला. फीड पंपाचा दाब हळूहळू कमी होत असताना चालकाला काहीच जाणवत नाही. ट्रक नेहमीसारखा चालत राहतो आणि त्या काळात महागडा व्हीपी४४ मात्र झिजत असतो. तो बंद पडला की ट्रक जागीच थांबतो.

या अनुभवातून मालकांनी दोन उपाय रूढ केले. पहिला, चालकाला दिसेल असा इंधनदाबाचा मापक बसवणे. दुसरा, मूळ फीड पंपाऐवजी टाकीजवळ चेसिसवर अधिक क्षमतेचा पंप बसवणे. ही दोन्ही कामे केलेले चोवीस व्हॉल्व्हचे ट्रकही दीर्घकाळ चालतात, असे त्यांचे मालक सांगतात.

=== ‘५३’ क्रमांकाचे ब्लॉक ===

साधारण १९९९ ते २००१ या काळातील काही इंजिनांच्या ब्लॉकवर ‘५३’ हा ओतकामाचा क्रमांक आढळतो. या ब्लॉकमधील पाण्याच्या मार्गाची भिंत तुलनेने पातळ असल्याने जड काम करणाऱ्या ट्रकमध्ये तिला तडा जाऊन पाणी गळू लागते. तडा शिवण्याच्या पद्धतीने काही ब्लॉक दुरुस्त करता येतात. इतर बदलावे लागतात. ‘५३’ क्रमांकाच्या प्रत्येक ब्लॉकला तडा जातोच असे नाही. तरीही जुन्या ट्रकच्या किमतीवर या क्रमांकाचा परिणाम होतो आणि खरेदीपूर्वी ग्राहक ट्रकखाली वाकून तो तपासतात.

=== किरकोळ तक्रारी ===

* टॅपेटच्या झाकणातून आणि व्हॅक्यूम पंपातून तेल गळणे.
* इंजिनाच्या मागील बाजूच्या रबरी इंधन-नळ्यांना भेगा पडून डिझेलमध्ये हवा शिरणे; परिणामी सकाळी इंजिन उशिरा सुरू होणे.
* पी७१०० पंपाचा इंधन तोडणारा सोलेनॉइड नादुरुस्त झाल्याने स्टार्टर फिरूनही इंजिन सुरू न होणे.
* पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह सैल पडून जोर कमी होणे.

यांतील बहुतेक बिघाड घरच्या घरी, साध्या पान्यांनी दुरुस्त करता येतात. तक्रारींची यादी लांब असूनही इंजिनाचा लौकिक टिकून राहण्याचे हे एक कारण मानले जाते.

== इंजिनाबाहेरील भाग ==

‘इंजिनासोबत ट्रक फुकट मिळतो’ अशा अर्थाचा विनोद या ट्रकच्या मालकांमध्ये प्रचलित आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हे त्याचे प्रमुख निमित्त होय. जड भार ओढणाऱ्या ट्रकमध्ये तो इंजिनाच्या आयुष्यात एकाहून अधिक वेळा नव्याने बांधावा लागतो. हाताने गिअर बदलण्याचा पाच गिअरचा एनव्ही४५०० गिअरबॉक्स अधिक दणकट मानला जातो. पण डिझेल इंजिनाच्या धक्क्यांमुळे त्याच्या पाचव्या गिअरची नट सैल होऊन तो गिअर निकामी होण्याचा दोष त्यातही आहे.

१९९४–२००२ मधील ट्रकचे डॅशबोर्ड उन्हाने तडकून तुकडे पडणे, पुढच्या आसाचे सांधे लवकर झिजणे आणि चारचाकी चालनाच्या ट्रकचे स्टिअरिंग विशिष्ट वेगाला जोरात थरथरणे याही नेहमीच्या तक्रारी आहेत. पहिल्या पिढीच्या ट्रकमध्ये स्टिअरिंग बॉक्सजवळ चेसिसला तडे जाण्याची उदाहरणे आढळतात. इंजिनाचे मोठे वजन पुढच्या आसावर येत असल्याने यांतील काही दोष वाढतात.

== देखभाल ==

दीर्घायुष्य लाभलेल्या ट्रकचे मालक ज्या सवयींचा उल्लेख करतात, त्या साध्या आहेत: वेळेवर तेल व डिझेल फिल्टर बदलणे, इंधनातील पाणी काढून टाकणे, जड चढानंतर टर्बोचार्जर थंड होईपर्यंत इंजिन काही मिनिटे मंद चालू ठेवणे आणि व्हॉल्व्हमधील फट तपासणे. बारा व्हॉल्व्हच्या इंजिनात थंड अवस्थेत इनटेक व्हॉल्व्हसाठी सुमारे ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हसाठी सुमारे ०.५१ मिलिमीटर फट ठेवली जाते.

डिझेलच्या दर्जाविषयी मालक विशेष जागरूक असतात. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरील वाहनांसाठी अत्यल्प गंधकाचे डिझेल आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणा कमी होतो. तो भरून काढण्यासाठी तेलशुद्धीकरण कंपन्या त्यात वंगणद्रव्ये मिसळतात. तरीही वंगणासाठी डिझेलवर अवलंबून असलेल्या व्हीई आणि व्हीपी४४ पंपांच्या अनेक मालकांनी आणखी वंगणद्रव्य स्वतः घालण्याची सवय लावून घेतली.

अशा अनुभवांची देवाणघेवाण संघटितपणेही झाली. १९९३ मध्ये या ट्रकच्या मालकांसाठी ‘टर्बो डिझेल रजिस्टर’ हे त्रैमासिक सुरू झाले. दोषांची कारणे आणि उपाय सर्वसामान्य मालकांपर्यंत पोहोचण्यास त्याची मदत झाली.

== फेरबदल आणि धूर ==

पी७१०० पंपाच्या इंजिनाची शक्ती संगणकाशिवाय वाढवता येते. पंपातील इंधन-पट्टी सरकवणे, गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलणे आणि मोठे इंजेक्टर बसवणे एवढ्या कामांनी शक्ती मूळच्या कितीतरी पट होऊ शकते. ट्रॅक्टर व ट्रक ओढण्याच्या स्पर्धांमध्ये हे इंजिन लोकप्रिय होण्यामागे हेच कारण आहे.

या फेरबदलांची किंमतही मोजावी लागते. जादा इंधनामुळे एक्झॉस्टचे तापमान वाढते. टर्बोचार्जरच्या आधी ते सुमारे ६७५ अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ राहिल्यास पिस्टन वितळण्याचा धोका असतो. त्यामुळे अनुभवी मालक शक्ती वाढवण्याआधी तापमापक बसवण्याचा सल्ला देतात. क्लच आणि गिअरबॉक्स यांवरही ताण येतो. याशिवाय न जळलेल्या इंधनाचा दाट काळा धूर बाहेर पडतो. काही चालक हौसेने असा धूर सोडतात. त्यावर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने कठोर टीका झाली आहे. वाहनांच्या उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेत फेरफार करणे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखाली बेकायदेशीर आहे.

== समकालीन इंजिनांशी तुलना ==

मालकांच्या चर्चेत या इंजिनाची तुलना मुख्यतः फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोकशी होते. नॅव्हिस्टारने बनवलेले हे आठ सिलिंडरांचे इंजिन १९९४ च्या मॉडेल वर्षाच्या मध्यापासून फोर्डच्या ट्रकमध्ये आले आणि त्याची सुरुवातीची शक्ती २१० अश्वशक्ती होती. ते अधिक मऊ चालते, वेग लवकर घेते आणि ज्या ट्रकमध्ये बसते तो अधिक चांगला आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. त्यात इंजेक्टर उच्च दाबाच्या तेलावर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने चालतात. त्यामुळे तेलगळती किंवा सेन्सरचा बिघाड इंजिन बंद पाडू शकतो. बारा व्हॉल्व्ह कमिन्सचे समर्थक नेमका हाच मुद्दा मांडतात: सुटे भाग कमी, म्हणून बिघाडाच्या जागाही कमी. दोन्ही इंजिने दीर्घायुषी असल्याचे मात्र उभय पक्ष सहसा मान्य करतात.

== मतांचे मूल्यमापन ==

जुन्या इंजिनाविषयीची मालकांची मते वाचताना काही मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. आज रस्त्यावर दिसणारे ट्रक हे टिकून राहिलेले ट्रक आहेत; जे लवकर निकामी झाले ते भंगारात गेले आणि त्यांच्या मालकांचा अनुभव चर्चेतून गळून पडला. तीस वर्षे ट्रक जपणारा मालक देखभालीतही काटेकोर असतो. त्यामुळे इंजिनाचा गुण आणि मालकाची काळजी वेगळी करून दाखवणे कठीण असते. शिवाय ‘इंजिन कधीच बिघडले नाही’ असे सांगणारा मालक पंप, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगवरील खर्च अनेकदा वेगळ्या खात्यात धरतो. काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र ट्रक कोणत्या भागामुळे उभा राहिला याला महत्त्व नसते. त्याचा दिवस बुडालेला असतो.

या मर्यादा धरूनही एक गोष्ट ठळकपणे दिसते. या इंजिनाच्या बहुतेक गंभीर दोषांची कारणे ज्ञात आहेत आणि त्यांवरील उपाय मालकाच्या आवाक्यातील आहेत. त्याची विश्वासार्हता निर्दोषपणापेक्षा या दुरुस्तीयोग्यतेवर अधिक उभी आहे.

== भारताशी संबंध ==

डॉज रॅमविषयीची वरील मते उत्तर अमेरिकेतील वापरावर आधारलेली आहेत. बी मालिकेची इंजिने मात्र भारतातही परिचित आहेत. कमिन्स आणि टाटा (तत्कालीन टेल्को) यांनी १९९३ मध्ये समान भागीदारीत टाटा कमिन्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या जमशेदपूर येथील कारखान्यात तयार झालेली ५.९ लिटरची इंजिने टाटाच्या मालवाहू ट्रक आणि बसमध्ये वापरली गेली. कमिन्सचा महाराष्ट्राशी संबंध त्याहून जुना आहे: १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली, तीच पुढे कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाऊ लागली. सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही या उद्योगसमूहाचे कारखाने आहेत.

== उत्तराधिकारी ==

२००७ मध्ये अमेरिकेतील नव्या उत्सर्जन नियमांबरोबर रॅम ट्रकमध्ये ५.९ लिटरच्या जागी ६.७ लिटरचे इंजिन आले. सरळ सहा सिलिंडरांची मांडणी त्यातही कायम ठेवण्यात आली. मात्र काजळी गाळणारा फिल्टर आणि एक्झॉस्ट वायू पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा यांची भर पडली. या यंत्रणांचा देखभाल-खर्च टाळू पाहणाऱ्या ग्राहकांमुळे जुन्या बारा व्हॉल्व्हच्या ट्रकची मागणी टिकून राहिली.

== हेही पाहा ==

* डिझेल इंजिन
* टर्बोचार्जर
* कमिन्स
* टाटा मोटर्स
* पिकअप ट्रक